यूकेत इमर्जन्सी-आयसीयूला यायचंय? आधी सलाईनचा हात आखडता घ्यायला शीक

तुझा प्रश्न असा की सांगलीत एका प्रायव्हेट आयसीयूत आरएमओ (रेसिडेंट डॉक्टर) आहेस, प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांसाठीची यूकेची परीक्षा) वन झालंय, इकडे येऊन इमर्जन्सी नाहीतर क्रिटिकल केअरच करायचंय, तर इथलं मेडिसिन कितपत वेगळं आणि निघायच्या आधी काय वाचू. ज्युनियर आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

जॉबचं आधी उरकते. मार्केट सध्या खराब आहे, एसएचओ (ज्युनियर डॉक्टर) लेव्हलच्या एकेका पोस्टला शेकड्यांनी अर्ज पडतात, आणि 2025 च्या सरकारी हेल्थ प्लॅनमध्ये ट्रेनिंग सीटसाठी इथल्या ग्रॅज्युएट्सना आधी घेणार असं सरळ म्हटलंय. त्यामुळे प्लॅब टू झालं की आरएमओशिप सोडून मोकळा होऊ नकोस, हातात ऑफर असल्याशिवाय तर अजिबात नाही. एमआरसीईएमचा, म्हणजे इथल्या इमर्जन्सी मेडिसिनच्या परीक्षेचा, विचार कर, लेखी पेपर भारतातून देता येतात आणि पूर्ण एमआरसीईएम झालं तर त्यावरही जीएमसी (इथली मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन मिळतं.

आता मुद्द्याचं. औषधं तीच, व्हेंटिलेटर तेच, बीपी चढवायला नॉरअॅड तेच. सगळ्यात जास्त त्रास होतो तो हाताला लागलेल्या सवयींचा. आपल्याकडे बीपी कमी दिसलं की सलाईन सोड, अजून सोड, मग इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध), मग मोठं अँटिबायोटिक, आणि नातेवाईक काचेतून बघतायत म्हणून काहीतरी चालू दिसलं पाहिजे. इथे कन्सल्टंट पहिला प्रश्न विचारतो, कशासाठी देतोयस?

सेप्सिसचं बघ, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागतात ते. 2001 मध्ये रिव्हर्स या डॉक्टरचा अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा ट्रायल आला, एका हॉस्पिटलमधले 263 पेशंट, आणि त्यावर अख्ख्या जगाने सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत नळी), सीव्हीपी (त्या शिरेतलं प्रेशर), भरभरून फ्लुइड हा प्रोटोकॉल उचलला. मग 2014-15 मध्ये प्रोसेस, अराईज आणि इथलाच प्रॉमिस असे तीन मोठे ट्रायल झाले, तिन्हींत त्या प्रोटोकॉलने मृत्यू कमी झाले नाहीत. तोवर लवकर ओळखणं आणि लवकर अँटिबायोटिक हे नेहमीच्या केअरमध्येच आलं होतं. सुरुवातीला 30 एमएल पर किलो फ्लुइड हा आकडा आपण सगळ्यांनी पाठ केलाय, पण 2021 च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस गाईडलाईनने तो 'रेकमेंड' वरून 'सजेस्ट' वर आणला. 2023 चा अमेरिकेतला क्लोव्हर्स, दीड हजारावर पेशंट, कमी फ्लुइड आणि लवकर व्हेसोप्रेसर (शिरा आवळून बीपी चढवणारं औषध) विरुद्ध जास्त फ्लुइड, 90 दिवसांचे मृत्यू 14.0 आणि 14.9 टक्के, म्हणजे काही फरक नाही.

पण तुला वाचायलाच सांगेन असे दोन ट्रायल यूके-अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधले नाहीतच. 2011 चा फीस्ट, पूर्व आफ्रिकेतली 3141 तापाने सिरियस झालेली मुलं, बोलस (एकदम भरभर सोडलेलं फ्लुइड) दिलेल्यांत 48 तासांत साधारण साडेदहा टक्के गेली आणि न दिलेल्यांत 7.3. आणि 2017 चा झांबियातला, मोठ्या माणसांचा, प्रोटोकॉलने फ्लुइड-व्हेसोप्रेसर दिलेल्यांत 48 टक्के मृत्यू आणि नेहमीच्या केअरमध्ये 33. तिथले बहुतेक पेशंट एचआयव्हीचे होते, व्हेंटिलेटरची सोय जवळपास नव्हती, त्यामुळे जसाच्या तसा उचलून लावू नकोस, पण आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलला डेट्रॉईट जवळचं की झांबिया, याचा विचार कर.

प्रत्यक्षात इथे काय होतं सांगते. केअर होममधून 84 वर्षांच्या आजी येतात, ताप, गोंधळलेल्या, न्यूज-टू (पल्स, बीपी, श्वास वगैरेंवरून पेशंट किती सिरियस ते सांगणारा) स्कोर 9. नाईस या इथल्या गाईडलाईन काढणाऱ्या संस्थेच्या 2024 च्या बदलानंतर 7 किंवा वर स्कोर म्हणजे तासाच्या आत अँटिबायोटिक, 5-6 असेल तर तीन तास मिळतात, तेवढ्यात खरंच इन्फेक्शन आहे का ते बघायचं. कल्चर, लॅक्टेट या रक्ताच्या तपासण्या, अँटिबायोटिक, 250 एमएल फ्लुइड, आणि परत बेडपाशी जाऊन बघायचं. छाती ऐक, पाय बघ, अल्ट्रासाऊंड फिरव. मग अजून 250. बीपी नाहीच वर आलं तर सेंट्रल लाईनची वाट न बघता हाताच्या साध्या पेरिफेरल लाईनमधूनच व्हेसोप्रेसर, बरेचदा मेटारॅमिनॉल, जे मी भारतात कधी हातात घेतलं नव्हतं. मॅप (सरासरी बीपी) 65 च्या वर हवाच असंही नाही, 65 वर्षांवरच्या पेशंटमध्ये 60-65 वर ठेवलं तर चालतं का हे इथल्याच '65 ट्रायल'ने 2600 पेशंटमध्ये तपासलं आणि नुकसान दिसलं नाही.

आणि हे चालू असतानाच कोणीतरी मुलीशी बोलत असतं. आजी मागच्या महिन्यात चालत होत्या का, स्वतः जेवत होत्या का, आयसीयू त्यांना हवं असतं का. फ्रेल्टी स्कोर (माणूस किती थकलाय त्याचा) लिहायचा, रिस्पेक्ट फॉर्म (इमर्जन्सीत कुठले उपचार हवेत-नकोत ते आधी लिहून ठेवलेला) आहे का शोधायचा. अटॅक-अरेस्टमध्ये काय करायचं हे आधीच ठरवलेलं असतं. सीपीआर न करण्याचा निर्णय डॉक्टरचा असतो, पण 2014 आणि 2015 च्या कोर्ट निकालांनंतर पेशंटशी, आणि त्यांना समजत नसेल तर घरच्यांशी, बोलल्याशिवाय तो फॉर्म सहसा भरता येत नाही. आपल्याकडे उपचार थांबवण्याबद्दलचा 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, 2023 मध्ये पद्धतही सोपी केली, तरी रात्री दोनला आरएमओच्या हातात काय असतं तर बिल आणि डामाचा (डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असा) कागद. इथे पैशाचा विषयच निघत नाही, म्हणून बोलणं खरंच पेशंटबद्दल होतं. मला इथलं सगळ्यात आवडलेलं हेच, आणि सगळ्यात अवघड गेलेलंही. इंग्रजी येणं वेगळं आणि रडणाऱ्या मुलीला इंग्रजीत हे सांगणं वेगळं, त्याची प्रॅक्टिस कर, प्लॅब टू च्या पाठ केलेल्या वाक्यांनी भागत नाही.

पॅरामेडिक-टू पण वाच, 2018, इथल्या ॲम्ब्युलन्समध्ये झालेला, हृदय बंद पडलेले आठ हजार पेशंट, ॲड्रिनलिन विरुद्ध प्लासिबो (खोटं औषध). जिवंत राहिले 3.2 आणि 2.4 टक्के, पण वाचलेल्यांत मेंदूचं गंभीर नुकसान 31 आणि 18 टक्के. औषध अजून देतातच, पण अशा आकड्यांवर इथे चहा पिताना वाद होतात. तसंच रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्सॅमिक. मोठ्या रक्तस्रावाच्या ट्रॉमात तीन तासांच्या आत द्यायचंच, त्याच्या क्रॅश-टू ट्रायलमध्ये भारतातलेही बरेच पेशंट होते. रक्ताची उलटी झाली की आपण सवयीने देतो ते मात्र 2020 च्या हॉल्ट-इट मध्ये 12 हजार पेशंटमध्ये उपयोगाचं ठरलं नाही, उलट गुठळ्या वाढल्या.

इथे सगळं गोड आहे असं समजू नकोस हं. चार तासांत पेशंट हलवायचं टार्गेट कागदावर, आणि कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर म्हातारी माणसं बारा-बारा तास. तुझा हातही थोडा गंजेल, सांगलीत रात्रीत दोन ट्यूब (श्वासनलिकेत नळी) टाकत असशील, इथे इमर्जन्सीत ट्यूब बहुतेक वेळा ॲनेस्थेशिया किंवा आयसीयूवाले टाकतात, आणि लाईन अल्ट्रासाऊंडशिवाय नाही. आत्ताच अल्ट्रासाऊंडचा प्रोब हातात घ्यायची सवय लाव, आणि केलेल्या प्रोसिजरचं लॉगबुक सही-शिक्क्यासकट ठेव, नंतर मागून मिळत नाही.

अजून एक, जीसीपीचं (ट्रायल नीट कसे करायचे त्याच्या नियमांचं) ऑनलाईन सर्टिफिकेट करून ये. इथे बऱ्याच मोठ्या आयसीयूंत ट्रायल चालू असतात, रिसर्च नर्स असतात, असोसिएट पीआय (ट्रायलच्या मुख्य डॉक्टरच्या हाताखाली शिकणं) म्हणून सहा महिन्यांची एक स्कीम आहे जी ज्युनियरलाही मिळते आणि इंटरव्ह्यूत कामाला येते. आणि तिथे असेपर्यंत एक ऑडिट कर, तुझ्या युनिटमध्ये पहिलं अँटिबायोटिक किती वेळाने जातं एवढं मोजलंस तरी पुरे, सरांची परवानगी घे म्हणजे झालं. सीव्ही तयार झाला की पाठव, बघून देते.