अमेरिकेत लपवून बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हर: स्मिथ अँड वेसन ६४२ घ्यावं की रुगर एलसीआर?

मी एलसीआर घेईन, ते ट्रिगरसाठी. दोन्ही पाच गोळ्यांची, .३८ स्पेशल या काडतुसाची. दोन्हींचा घोडा (काडतुसावर आघात घडवणारा मागचा हॅमर) आत झाकलेला, म्हणून खिशातून काढताना कपड्यात अडकत नाही. पण त्यामुळेच प्रत्येक गोळीला ट्रिगर पूर्ण ओढावा लागतो. ६४२ चा ट्रिगर मला शेवटाकडे जड लागतो. नेमकं तिथेच बोट जोर करतं, नळी खाली झुकते आणि कागदावर भोक खाली डावीकडे पडतं. एलसीआरचा ओढा शेवटपर्यंत एकसारखा आहे.

वजनाला मात्र भुलू नका. एलसीआर सुमारे ३८५ ग्रॅमचं, ६४२ चारशेच्या थोडं वर. खिशात जाणवत नाही, पण रेंजवर पन्नासएक गोळ्या झाडल्या की माझी अंगठ्याजवळची बेचकी लालबुंद होते. सरावाला १४८ ग्रेन वजनाच्या, सपाट टोकाच्या गोळीची ‘वॉडकटर’ काडतुसं आणा, धक्का खूपच सौम्य बसतो. रुगरचंच पोलादी एसपी१०१ हाताला सुखाचं, पण पाऊण किलोच्या आसपास. खिसा लोंबतो, ते कमरेलाच लावावं लागतं.

बऱ्याच रेंजवर ही भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी दोन्ही सात यार्डांवर चालवून बघा. आणि खिशात ठेवणार असाल तर ट्रिगर झाकणारं होल्स्टर (रिव्हॉल्व्हरचं म्यान) हवंच, त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्लीसुद्धा नाही.