कानसेनांची पत्रं : उरलेली चार मिनिटं

नाशिकच्या मेन रोडच्या एका बोळात माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पत्रं मात्र अजून येतात, त्यातली चार या वेळी घेतली आहेत.

‘घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी रोज एक अनवट गाणं पाठवतो. चौदा जण आहेत, ऐकत कुणीच नाही. परवा मेहुण्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कौतुक की विनवणी, कळेना. माझं काय चुकतंय?’ – एक वाचक, सिडको

विनवणीच आहे ती. रोज पाठवता ना, तिथेच घोटाळा आहे.

दुकानातली गोष्ट सांगतो. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं, एका बाजूला सात-आठ. ती भरून झाली की शेवटी तीन-चार मिनिटं फीत कोरी राहायची. ती नुसती सरसरत जाणं मला बघवायचं नाही. मग तिथे मी माझ्या मनाचं काहीतरी भरून द्यायचो. न विचारता आणि फुकट. (तेव्हा असं भरून देण्यात काही गैर आहे हे आमच्या बोळात कुणाच्या गावी नव्हतं. आज ते करू नये, आणि मी करतही नाही.)

दहांतले आठ जण त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. एका गृहस्थांच्या भक्तिगीतांमागे मी ख्यालगायिका केसरबाई केरकरांची जुनी तीन मिनिटांची तबकडी भरली, तर ते दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन दारात. ‘शेवटी कुणीतरी बाई रागावल्यायत, त्या काढा.’ काढल्या.

पण पिंपळगावचा एक टेम्पोवाला होता. द्राक्षाच्या हंगामात रात्री वाशी मार्केटला माल घेऊन जायचा, त्यामुळे त्याला जागं ठेवणारी गाणी लागत. त्याच्या एका कॅसेटच्या शेपटाला मी अली फार्का तूरे यांची गिटार जोडून दिली. हा माणूस पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा, नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा. जगभर वाजवून यायचा आणि घरी शेती करायचा. पंधरा दिवसांनी टेम्पोवाला आला. म्हणाला, ‘शेठ, ते शेवटचं कुठलं हो? खानदेशातलं का? शब्द कळत नाहीत, पण चाल घरची वाटते. कसाऱ्याचा घाट उतरताना लागतं बरोबर.’

त्याचा कान चुकला नव्हता. त्या भागातलं पुष्कळ संगीत पाचच स्वरांवर उभं आहे. गंधार आणि निषाद कोमल, तर रिषभ आणि धैवत गायब. आपल्याकडे त्या स्वरांत धानी राग गातात. नायजरकाठी धानी हे नाव कुणाला माहीत नसेल, पण घाट उतरणाऱ्याला त्याची गरजही पडली नाही.

तर तुमच्या ग्रुपचं काय करायचं? महिनाभर गप्प बसा. मग गाणं एक, माणूसही एक. मेहुण्यांना काय आवडतं ते आधी आठवा. ते जुन्या नाट्यगीतांतले असतील तर त्यांना एकदम जपानी बासरी पाठवू नका. नाट्यगीताच्या शेजारचं काही पाठवा, आणि सोबत कारण लिहा. ‘हे अप्रतिम आहे, ऐकाच’ हे कारण नव्हे, ती धमकी झाली. ‘दोन मिनिटं वीस सेकंदांनी सारंगी येते, ती ऐका’ असं लिहा, म्हणजे माणूस निदान दोन मिनिटं वीस सेकंद थांबतो. आणि ‘ऐकलं का?’ म्हणून विचारायचं नाही. मी टेम्पोवाल्याला विचारलं नव्हतं.

‘अॅपवर पाहावं तेव्हा तीच तीस गाणी फिरून येतात. नवं काही शोधायचं कसं?’ – गंगापूर रोडवरून, वय ४१

अॅप तुम्हाला काल आवडलेलंच आज वाढणार. खाणावळीचं तसंच असतं. नवं हवं असेल तर गायकाचं नाव सोडा आणि मागे वाजवणाऱ्याचं धरा.

आमच्या काळी हे कव्हरच्या आतल्या बारीक अक्षरांत असे. ती अक्षरं मी भिंगाने वाचायचो. एका गिऱ्हाइकाच्या मुलाने अमेरिकेतून एक सीडी आणली होती. त्यात जयपूरचे विश्वमोहन भट्ट मोहनवीणा, म्हणजे गिटारचीच केलेली वीणा, वाजवतात आणि समोर राय कूडर हा अमेरिकन गिटारवाला. १९९३ची ती सीडी. भट्टांचं नाव ओळखीचं होतं, कूडरचं नव्हतं. मग पुढच्या मुंबई फेरीत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कूडर शोधला. १९९४च्या सीडीत तो कुणाबरोबर वाजवतोय? वर सांगितलेल्या अली फार्का तूरेंबरोबर. आणि १९९७च्या सीडीत हाच गडी क्यूबात, हवानाच्या सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्या गायक-वादकांच्या घोळक्यात. ती ‘ब्यूना व्हिस्टा सोशल क्लब’ पुढे जगभर गाजली. पण मला भेटली ती गाजली म्हणून नाही, शेपूट धरून गेलो म्हणून. एका माणसाचा हात धरला आणि जयपूरहून नायजर नदी, तिथून हवाना. बोळातल्या दुकानात बसून.

आता गाण्याखाली श्रेयनामावली कुठे लपवलेली असते ते हुडका, तबलावाल्याचं नाव घ्या आणि तेच शोधपट्टीत टाका. एक गाणं संपलं की आपोआप दुसरं सुरू होतं, ती सोय आधी बंद करा. गाण्यानंतर दोन क्षण शांत गेले की पुढचं काय ऐकावं हे आपलं आपल्याला सुचतं.

‘मी सिन्नरची, नाशिकला कॉलेजला आहे. मैत्रिणी कोरियाचं, इंग्लंडचं ऐकतात. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं वाटतं.’ – एस. वाय.ला असलेली वाचक

अगं, सिन्नरची पोर हे म्हणते? तुझ्या तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे, वामनदादा कर्डकांचं. जन्म १९२२चा, गेले २००४ साली. बाबासाहेबांचा विचार त्यांनी गाण्यात घालून गावोगाव नेला. भीमजयंतीच्या रात्री ज्या वस्त्यांत त्यांची गाणी पाठ म्हटली जातात, त्यांच्या पलीकडच्या गल्लीतल्या सुशिक्षित घरात त्यांचं नाव माहीत नसतं. कमी ऐकलं गेलेलं संगीत दर वेळी लांबच असतं असं नाही. कधी ते एका गल्लीवर असतं आणि मधली गल्ली कुणी ओलांडत नाही. मीही उशिराच ओलांडली. दुकानात त्या कॅसेट्स विकायचो, ऐकायचो नाही, हे कबूल करतो.

आता ऐकताना एक कर. शेवटच्या कडव्याकडे कान ठेव. संतांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, तसा दादांच्या पुष्कळ गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. गाणाऱ्याने घाईत ते कडवं गाळलं तर गाणं निनावी होऊन जातं. अशी किती झाली असतील!

दुसरं, तुझ्या वसतिगृहात सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासी मुली असतील. त्यांना थाळीबद्दल विचार. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली काडी. काडीवरून बोटं ओढत खाली आणायची, की थाळी एकसारखी घुमत राहते. त्या घुमण्यावर कथा सांगतात, धान्याची देवता कणसरी हिचीही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे कुणी तंबोरा लावलाय म्हणून वळून पाहिलं होतं. मात्र ही करमणूक नव्हे, तिला तिची वेळ आणि निमित्त असतं. तेव्हा आधी विचार, मग मोबाइल काढ. नको म्हणाले तर नुसतं बस. हो म्हणाले तर सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख तिथल्या तिथे लिही, आणि मैत्रिणींना पाठवताना ते पुसू नकोस.

(पंचवटीत गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला होता, हेही सांगून टाक त्यांना. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय उघडणारा माणूस पुढे आपल्या गोदाकाठी येऊन राहिला होता.)

‘बुधवारच्या बाजारात, गंगेवर (म्हणजे आपल्या गोदेवर), अकरा जुन्या तबकड्या मिळाल्या. काहींची लेबलं उडाली आहेत. स्पिरिटने पुसून मुलाच्या नव्या रेकॉर्ड प्लेयरवर लावू का?’ – पंचवटी

थांबा! स्पिरिट अजिबात नको. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटात विरघळते. मऊ फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळा, खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा.

नव्या प्लेयरला ७८चा वेग आहे का ते बघा. असला तरी सुई बदलावी लागेल. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या लांब वाजणाऱ्या तबकडीची, सुई बारीक, ती या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर येते. ७८ची वेगळी सुई मिळते. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला नवी घाला.

लेबल उडालेल्या तबकड्या शेवटपर्यंत ऐका. त्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या निघाल्या तर तुमचं नशीब. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत, हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून कलाकार गाणं संपताच स्वतःचं नाव सांगून टाकत. तेव्हा गाणं संपलं म्हणून सुई लगेच उचलू नका.