ड्रेन काढल्यावर पोटात पाणी हिंदकळतंय? तारखेची वाट बघू नका

ताई, तुमच्या टमी टकला (पोटाची सैल कातडी-चरबी काढून पोट घट्ट करायच्या ऑपरेशनला) बारा दिवस झाले, ड्रेनची नळी सातव्या दिवशी काढली आणि आता कूस बदलली की बेंबीखाली पाणी हिंदकळल्यासारखं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणाले, "सूज असतेच, दिलेल्या तारखेला या." वाचून पोटात गोळाच आला. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ते ऐकून घरी बसले.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते, शिवाय बेंबीचा हर्निया, म्हणून मी कोल्हापुरात हे ऑपरेशन करून घेतलं. बघितल्याशिवाय कुणालाच नक्की सांगता येणार नाही, पण तुमचं वर्णन सेरोमाचं, म्हणजे कातडीखाली पाणी साठल्याचं वाटतंय. या ऑपरेशनमध्ये कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सोडवून खाली ओढतात. मधल्या जागेत पिवळसर पाणी साठतं, ते बाहेर यावं म्हणून तर नळी ठेवतात. बरेच सर्जन 24 तासांतलं पाणी साधारण 30 मिलीच्या खाली आल्यावरच ती काढतात.

माझ्या वहीत शेवटच्या दिवसाचा आकडा 70 होता. तरी काढली. कारण आमचे सर्जन बाहेरगावचे, एक शनिवार आड येणारे. "आता सर दोन आठवड्यांनी येणार, तोवर नळी घेऊन कुठं फिरताय?" असं म्हणत तिथल्या ज्युनियर डॉक्टरांनी काढून टाकली. मी वही पुढे केली होती, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. आणि मी गप्प बसले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. ऑपरेशन कोण करणार, किती केसेस केल्यात, सगळं विचारलं होतं. ते गावाला गेल्यावर मला कोण बघणार, हे मात्र विचारलं नाही.

नळी काढल्यावर चौथ्या दिवशी पाणी जाणवलं. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा काउंटरवरच्या मुलीने तेच सांगितलं. तिला तरी काय कळणार? पण सर्जनपर्यंत माझा निरोपच गेला नाही, याचा राग अजून जात नाही. मी नऊ दिवस थांबले. शेवटी सिरिंजने 180 मिली काढलं. बेंबीखालची कातडी इतकी बधिर होती की सुई गेलेली कळली नाही, फक्त फिक्या कोऱ्या चहासारख्या पाण्याने सिरिंज भरताना दिसली. त्यानंतर आणखी चार वेळा काढावं लागलं, मग ताप, इन्फेक्शन. पाण्याभोवती जाड पिशवी तयार झाली आणि तिसऱ्या महिन्यात तोच व्रण पुन्हा उघडून ती काढली. पुन्हा भूल, पुन्हा रजा, पुन्हा बिल.

म्हणून म्हणते, आजच जा. तुमचे सर्जन नसतील तर दुसऱ्या सर्जनना दाखवा, डिस्चार्ज कार्ड आणि नळीचे आकडे सोबत न्या. सोनोग्राफीत पाणी लगेच दिसतं. पोट स्वतः दाबू नका, मालिशवाल्या बाईंना तर हातही लावू देऊ नका. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर फोनाफोनी न करता थेट कॅज्युअल्टी गाठा. ती रक्ताची गाठ असू शकते.

ऑपरेशननंतर पोटाला बांधायच्या पट्ट्याबद्दल विचारलंय. माझा सासूबाई बांधायच्या, बाळंतिणीचं पोट बांधायचा त्यांना दांडगा सराव. पण इथे तेवढा आवळायचा नाही, दोन बोटं आत गेली पाहिजेत आणि खाली घडी राहता कामा नये. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, आतून पातळ सुती बनियन घाला.

एक गोष्ट आपल्याकडच्या बायका लपवतात, ती म्हणजे मिश्री. डॉक्टर "सिगरेट ओढता का?" विचारतात, आपण "नाही" म्हणतो आणि सकाळी डबी उघडतो. तंबाखू ती तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडू शकते. लावत असाल तर आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना खरं सांगा, मला खरंच कळकळीने सांगावंसं वाटतं.

बाकी किरकोळ. गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपा, खोकताना पोटावर उशी धरा. मला दोन आठवडे वाकूनच चालावं लागलं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सहा आठवडे पाण्याची कळशी किंवा बाळ उचलू नका. संध्याकाळी सूज वाढते, लोणचं-पापड बंद केल्यावर मला फरक पडला. पांढरा रस्सा चालला, अंडीही रोज खाल्ली. विम्यात कॉस्मेटिक भाग बसत नाही, हर्निया बसू शकतो. त्याचं बिल आणि ऑपरेशनची नोंद वेगळी मागा, मी ते उशिरा मागितलं.

आज पाणी काढलं तर किती मिली निघालं ते तारखेसह वहीत लिहा. आणि पुढचं कधी बघणार, नावानिशी कोण बघणार, हे विचारल्याशिवाय तिथून उठू नका. रात्री इथे कळवा, मी जागी असेन.