छतातल्या दिव्यांसाठी एफडी मोडायची का?

मुलुंड पूर्वेहून एका वाचक भगिनींनी विचारलंय (नाव छापू नका म्हणाल्यात). १९८७ सालच्या इमारतीत ५६० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे. दिवाळीआधी फॉल्स सीलिंग करून त्यात एलईडी डाउनलाइट बसवायचे आहेत. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन जीएसटी धरून २ लाख ८ हजारांचं. पैशांसाठी तीन मार्ग डोळ्यासमोर आहेत: तीन लाखांची एफडी मोडणं, गृहकर्जावर टॉप-अप (त्याच कर्जात वाढीव कर्ज) किंवा क्रेडिट कार्डावर चोवीस हप्ते. ‘एलईडीमुळे लाइटबिल कमी होईल, खर्च आपोआप वसूल होईल’ असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो. सासूबाई ७४ वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, त्यांना स्वयंपाकघरात नीट दिसत नाही. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य: ‘सोसायटीने रिडेव्हलपमेंटसाठी पीएमसी नेमलाय, पण ते काय, चालूच असतं.’ (पीएमसी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार.)

ताई, तुमचा निर्णय त्या शेवटच्या वाक्यावर अवलंबून आहे. पण आधी लाइटबिलाचं निकालात काढू.

तुमच्या घरात आज २० वॅटच्या पाच एलईडी ट्यूब आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एलईडीमुळे जी बचत व्हायची ती आधीच झालेली आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूब असत्या तर गोष्ट वेगळी. आता १०० वॅटच्या जागी ८ वॅटचे ३४ दिवे येणार, म्हणजे २७२ वॅट. रोज पाच तास सगळे लावले तर महिन्याला १५ युनिटच्या जागी ४१ युनिट. युनिटला सगळे आकार धरून १२ रुपये मानले, तर बिल सुमारे ३१० रुपयांनी वाढेल. सगळे दिवे एकाच वेळी कोणी लावत नाही हे मान्य, पण कमी होण्याचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यात एसीमुळे तुमचं मीटर ३०० युनिटच्या आसपास जात असेल, तर वरच्या प्रत्येक युनिटला महावितरणचा पुढच्या टप्प्याचा महाग दर लागेल. तेव्हा ‘वसूल होईल’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. हा हौसेचा खर्च आहे. हौसेला माझी हरकत नाही, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

आता कोटेशन. ४८० चौरस फूट सीलिंग १३० रुपयांनी ६२,४००. ३४ डाउनलाइट ६५० रुपयांनी २२,१००. कोव्हमधली, म्हणजे सीलिंगच्या कडेच्या खोबणीतली, एलईडी पट्टी १०,८००. चाळीस पॉइंटचं वायरिंग ३६,०००. नंतरचा रंग ४५,०००. एकूण १,७६,३०० आणि वर १८ टक्के जीएसटी. यात दिवे किती रुपयांचे ते बघा. पट्टी धरून ३३ हजारांच्या आत. बाकी सगळा पैसा दिवे लपवण्याचा आहे. आणि घर सोडताना दिवे काढून नेता येतात, जिप्सम आणि रंग नेता येत नाही.

दिव्यांची संख्याही फुगवलेली आहे. तुमचा हॉल साधारण दीडशे चौरस फुटांचा, त्यात चौदा दिवे दाखवलेत. चांगल्या कंपनीचा ८ वॅटचा डाउनलाइट सातशेच्या आसपास ल्युमेन देतो. सात दिव्यांत हॉल व्यवस्थित उजळतो. चौदा लावले तर पाहुणे गेल्यावर अर्धे बंदच राहतील. प्रत्येक दिव्यामागे एक पॉइंट, एक भोक आणि पुढेमागे बंद पडणारा एक ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारी छोटी डबी) असतो. हो, एलईडी सहसा जात नाही, जातो तो ड्रायव्हर. सीलिंगच्या वर साचणाऱ्या उष्णतेत तर लवकर. म्हणून ज्याचा ड्रायव्हर वेगळा असतो आणि भोकातून ओढून बदलता येतो, असाच दिवा घ्यावा. शिवाय कटआउटचं, म्हणजे सीलिंगमधल्या भोकाचं, माप नेहमीचं गोल असावं. फॅन्सी चौकोनी मॉडेल दोन वर्षांत बाजारातून गेलं की भोक तेवढं उरतं, त्यात बसणारा दिवा मिळत नाही.

आता रिडेव्हलपमेंट. ‘चालूच असतं’ हे पीएमसी नेमण्याआधीपर्यंत म्हणायला ठीक. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा शासननिर्णय आहे, त्यात सगळा क्रम दिलाय: पीएमसी, त्याचा व्यवहार्यता अहवाल, निविदा, मग निबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर विशेष सभेत विकासकाची निवड, आणि त्यासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती. तुमची सोसायटी या रांगेत उभी राहिली आहे. काही सोसायट्या इथेच दहा वर्षं अडकतात, हेही मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. पण समजा चार वर्षांत घर रिकामं करावं लागलं, तर २ लाख ८ हजारांचं सीलिंग तुम्हाला महिन्याला सुमारे ४,३०० रुपयांना पडलं. विकासक पर्यायी घराचं भाडं आणि कॉर्पस (सभासदाला द्यायची एकरकमी रक्कम) ठरवतो ते साधारणपणे कार्पेट क्षेत्रावर. तुमच्या जिप्समकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

आणि रिडेव्हलपमेंट लांबलं तरी दुसरी अडचण आहेच. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. तुमच्या सोसायटीचा अहवाल सेक्रेटरींकडे मागा. सभासद म्हणून मागायला संकोच कसला? त्यात तुमच्या मजल्यावर स्लॅबची दुरुस्ती सुचवली असेल, तर नवं सीलिंग फोडूनच ती करावी लागेल. शिवाय वरच्या बाथरूमची गळती सीलिंगमागे महिनोन् महिने दिसत नाही, आणि दिसते तेव्हा पाणी डाउनलाइटच्या कडेने टपकत असतं. जुन्या इमारतीत मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते, कारण तिथे पैशांपेक्षा शॉकचा प्रश्न आहे.

पैशांच्या तीन मार्गांपैकी कार्ड सगळ्यात महाग, हे तुम्हाला ठाऊक असणारच. १५ टक्क्यांनी २ लाख ८ हजारांचा चोवीस महिन्यांचा हप्ता १०,०८५ रुपये बसतो. व्याज ३४ हजार आणि त्या व्याजावरचा जीएसटी धरला तर जवळपास ४० हजार जादा. टॉप-अपचा दर कमी म्हणून तो गोड वाटतो, हप्ताही २,३७० च्या घरात. पण तुमचं कर्ज अजून बारा वर्षं आहे आणि टॉप-अप तेवढ्याच मुदतीला बांधलं, तर ९ टक्क्यांनीसुद्धा १ लाख ३३ हजार व्याज जाईल. सीलिंग पाडल्यानंतरही त्याचे हप्ते चालू राहतील.

राहिली एफडी. तुमचा घरखर्च हप्त्यासकट महिन्याला ५५ हजार, म्हणजे तीन लाख हे जेमतेम साडेपाच महिन्यांचं पाठबळ. दोन लाख काढले की दोन महिन्यांचंही उरत नाही. यजमानांची नोकरी खासगी, घरात ७४ वर्षांचं माणूस. ही एफडी मोडू नका. रिडेव्हलपमेंट खरंच मार्गी लागलं तर सामान हलवणं, भाड्याच्या घराची डिपॉझिट, दलाली हे सगळं आधी खिशातून जातं आणि विकासकाचा चेक मागाहून येतो, तेव्हाही हीच एफडी उपयोगी पडेल.

मग करायचं काय? आधी सासूबाई. त्यांचा त्रास डाउनलाइटने कमी होणार नाही, उलट वाढू शकतो. ओट्याशी उभं राहिलं की छताचा दिवा पाठीमागे येतो आणि स्वतःचीच सावली भाजीवर पडते. ओट्यावरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला ४००० केल्विनची (ना फार पिवळ्या, ना फार निळसर उजेडाची) एलईडी पट्टी लावा, डिफ्यूझर असलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत, म्हणजे डोळ्यांत टोचणार नाही. सुरी, डाळीतला खडा, गॅसची ज्योत सगळं नीट दिसेल. हे काम दिवाळीची वाट न बघता या महिन्यात करून टाका.

दुसरं, इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि मीटरनंतरच्या बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) नसेल तर बसवून घ्या. १९८७ चं वायरिंग बदललेलं नसेल तर खर्च इथे करा. हा खर्च मी हौसेत धरत नाही.

हौस हॉलपुरती ठेवा. छताला आज जो पॉइंट आहे त्याच्यावर ट्रॅक लाइट बसतो: एक पट्टी, तिच्यावर चार-पाच स्पॉट, हवे तिकडे वळवता येतात, फोडाफोड करावी लागत नाही. बेडरूममध्ये ट्यूबच्या पॉइंटवर सरफेस पॅनल, ३००० केल्विनचं, म्हणजे पिवळसर उजेडाचं. पलंगावर पडल्यावर बरोबर डोळ्यांवर येणारा डाउनलाइट किती छळतो ते ज्यांनी बसवलेत त्यांना विचारा. शनिवारी लोहार चाळीत चक्कर मारा, भावाचा अंदाज येईल, पण पक्कं बिल घ्या आणि डब्यावर बीआयएसचा शिक्का बघा. पट्टी, आरसीसीबी, ट्रॅक आणि पॅनल मिळून ३५ हजारांचं बजेट ठरवा आणि ते दिवाळीच्या बोनसमधून जाऊ द्या. जुनं वायरिंग बदलावं लागलं तर तो हिशेब वेगळा ठेवा. रिकामं करायची वेळ आली तर दिवे आणि ट्रॅक काढून भाड्याच्या घरात न्या.

व्यवहार्यता अहवाल सभेत फेटाळला गेला आणि ऑडिटमध्ये स्लॅब ठणठणीत निघाला, तर मात्र माझं उत्तर बदलेल. मग बिनधास्त सीलिंग करा, महिना १० हजारांची आरडी लावून दीड-पावणेदोन वर्षांत, पण दिव्यांची संख्या निम्मी करून.

कॉन्ट्रॅक्टर ‘साठ टक्के रोख आगाऊ दिले तर जीएसटी सोडतो’ म्हणतो, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. नको. बिल नाही म्हणजे ड्रायव्हर गेला तरी वॉरंटी नाही, आणि काम अर्धवट टाकून गेला तर त्याला पैसे दिल्याचा कागद तुमच्याकडे नाही. कोणाकडूनही काम करून घ्या, साहित्य आलं की तीस टक्के, काम झालं की पुढचे, आणि शेवटचे दहा टक्के सगळे दिवे आठवडाभर नीट लागल्यावर, असं लिहून घ्या आणि बँकेतूनच द्या.