जुन्या फियाटचं इंजिन बांधून आल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर कशी आणावी?

तुमच्या मिस्त्रीने सांगितलंय की नव्याने बांधलेलं इंजिन रात्रभर आयडलवर (गाडी उभी, पाय न देता) चालू ठेवा, मग सेट होईल. ते करू नका. अजिबात करू नका. पहिले 500 किलोमीटर किती स्पीडने चालवायची आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये न्यायची का, हेही तुम्ही विचारलंय, त्याकडे येतो. पण या आयडलवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण आहे, त्यामुळे आधी तेच लिहितो.

आमच्याकडे बाबांनी घेतलेली 1970 ची फियाट 1100 डिलाइट आहे. माझ्या थोरल्या भावाकडे पद्मिनी होती. दोन्हींचं इंजिन तेच, 1089 सीसीचं. दादाने त्याचं इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून कातून) घेतलं आणि कळव्याच्या घरासमोर रात्रभर चालू ठेवलं, बॉनेट उघडून, समोर टेबलफॅन लावून. स्वतः शेजारी खुर्ची टाकून पाणी बघत बसला होता. ती गाडी विकेपर्यंत ऑइल प्यायली. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय सोडून परत दाबला की मागे निळा धूर. दादा आजही म्हणतो की कुर्ल्याहून आणलेल्या पिस्टनच्या रिंगा डुप्लिकेट निघाल्या. रिंगा चांगल्या होत्या. मी त्याच्याबरोबर गेलो होतो, आणि बसवताना प्रत्येक रिंगचा गॅप फीलर गेजने बघितला होता.

रिंग नुसत्या स्वतःच्या ताणावर सिलिंडरला चिकटत नाही. पेट्रोल जळल्यावर गॅसचा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरच्या आत मुद्दाम घासून काढलेल्या, तिरक्या रेघा आणि रिंगची कड एकमेकांवर घासून जुळतात त्या या दाबाने. आयडलवर तो दाब नसल्यातच जमा. मग रेघांवर जळक्या ऑइलचा चकचकीत थर बसतो आणि रिंग त्यावरून घसरत राहते. एकदा तो बसला की परत हेड उतरवून होनिंग करण्यावाचून इलाज नाही. शिवाय या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये आहे, आणि कॅम आणि त्यावर टेकणारे टॅपेट जिथे घासतात तिथे ऑइल पोचतं ते मुख्यतः क्रँकने (पिस्टन फिरवतात त्या दांड्याने) उडवलेलं. क्रँकच हळू फिरला तर उडणार किती? कॅम नवीन असेल तर पहिल्या वीस मिनिटांतच त्याचा निकाल लागतो.

आमची गाडी अलीकडेच बांधली. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग वागळे इस्टेटला, जोडणी एका जुन्या टॅक्सी मिस्त्रींकडून. त्यांनी आधी चारही प्लग काढून नुसता सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून स्टार्ट केली आणि थेट वरच्या आरपीएमवर धरली, अंदाजे दोन हजार. या गाडीला मीटर नाही, सगळं कानावर. सायलेन्सरच्या नव्या रंगाचा धूर निघत होता, ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून एकेक टॅपेट ऐकत होते. खालच्या होजची क्लिप गळायला लागली, ती त्यांनी चालू इंजिनातच आवळली. तेवढ्यात दादा पुढे आला आणि "केवढी रेस करताय, जॅम होईल" म्हणत कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात घातला. मी त्याचा हात धरला. थोरल्या भावाचा हात चारचौघांत असा धरणं मला सोपं गेलं नाही, पण बाबांच्या गाडीचं इंजिन मी कळव्याच्या पद्मिनीच्या वाटेने जाऊ देणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नौपाड्यातून निघालो, तीन हात नाक्यावरून हायवे, माजिवड्याहून घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत. थर्ड गिअरमध्ये 30 वरून 50 पर्यंत नीट ओढायची, मग पाय पूर्ण सोडायचा, परत 30 वर येऊ द्यायची. असं पुन्हा पुन्हा. ओढताना रिंगा दाबल्या जातात; पाय सोडला की सिलिंडरमधल्या ओढीने ऑइल वर येतं आणि घासलेले कण धुऊन निघतात. गायमुखच्या चढावर गिअर आधीच खाली घेतला, तिथे इंजिन जे एका दमात चढलं ते बाबांना दाखवायला हवं होतं. आता एका ऑइल चेंजपासून दुसऱ्यापर्यंत काडीवरची ऑइलची खूण हलत नाही.

टॅक्सीवाल्यांचंच बघा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. आमचे मिस्त्री सांगतात, त्यांच्याकडे इंजिन बांधलं की टॅक्सी दुसऱ्या दिवशी धंद्यावर. रात्रभर पेट्रोल जाळत उभी करायला कोणाला परवडत होतं? आणि ती इंजिनं चालली.

तर तुमचं उत्तर: टॉपमध्ये 50-55 च्या वर जाऊ नका, पण एकाच स्पीडला तासभरही चालवू नका. टॉपमध्ये 25 वर धापा टाकायला लावणं हे 60 ने पळवण्यापेक्षा वाईट. साधं मिनरल ऑइल घाला, सिंथेटिक आत्ता नको, आणि पहिलं ऑइल 300 किलोमीटरच्या आतच बदला. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने परत टॉर्क करून (ठरल्या ताकदीने आवळून) घ्या, मग टॅपेटची फट बसवून घ्या. हे होईपर्यंत संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर गाडी नेऊ नका. कापूरबावडीला अर्धा तास अडकलात तर ते आयडलच झालं, वर तापणार ते वेगळं. तुम्ही नवी मुंबईच्या बाजूला राहत असाल तर पहाटेचा पाम बीच रोड उत्तम.

दोन गोष्टी राहिल्या. निळा धूर व्हॉल्व्ह गाइडमधूनही (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यातून) येतो, तेव्हा धूर दिसला की लगेच रिंगांवर खापर फोडू नका. दादाच्या गाडीचे गाइड मात्र नवीन होते. आणि 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना कार्ब्युरेटर हवेतलं पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढवत नाही, त्यामुळे इंजिन जास्त तापतं. नव्या इंजिनाला ते सोसणार नाही. कार्ब्युरेटरचा जेट (ज्या भोकातून पेट्रोल येतं तो) बघून घ्या, पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणारे टाका. हे गाडी बाहेर काढायच्या आधी.