घोटा बरा झाला, पण जागा झाला नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पाच वर्षांपूर्वी धावायला लागले आणि गेली तीन वर्षं दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढते, पळत उतरते. गेल्या डिसेंबरात २५ किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत सतराव्या किलोमीटरला घसाऱ्यावर डावा घोटा मुरगळला. शर्यत सोडावी लागली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. सहा आठवडे विश्रांती घेतली, दुखणं थांबलं, पुन्हा सुरू केलं. जूनमध्ये सोसायटीसमोरच्या सपाट रस्त्यावर स्पीडब्रेकरवरून उतरताना तोच पाय वळला. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा, या वेळी गडावर. आता सूज नाही, चालताना दुखत नाही. यंदाच्या शर्यतीत नाव घातलंय, आठ आठवडे उरलेत. घरचे म्हणतात, डोंगर सोड, बागेत चाल. धावू का? की यापुढे रस्त्यावरच धावावं? रविवारी पहाटे ग्रुपवर गडाचे फोटो येतात तेव्हा मी फोन पालथा ठेवते. निकालात नावापुढे पडलेला ‘डीएनएफ’चा, म्हणजे शर्यत पुरी न केल्याचा, शिक्का मनातून जात नाही.
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : आधी निर्णय सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. डिसेंबरची शर्यत धावू नका. आणि डोंगरही सोडू नका.

तुमच्या पत्रातलं स्पीडब्रेकरचं वाक्य मी तीनदा वाचलं. घसाऱ्यावर कुणाचाही पाय जातो. पण रोजच्या पायाखालच्या सपाट डांबरावर जेव्हा घोटा वळतो, तेव्हा दोष वाटेचा नसतो. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे (लिगामेंट), असतात. पाऊल आत वळलं की त्यातला पुढचा सगळ्यात आधी ताणतो किंवा फाटतो. हे अस्थिबंध म्हणजे नुसते दोर नव्हेत. त्यांच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल कुठल्या कोनात टेकतंय याची खबर ती वर पाठवत राहतात, आणि ती मिळाली की पोटरीच्या बाहेरच्या कडेचे स्नायू घोट्याला सावरून धरतात. आपल्याला यातलं काहीच कळत नाही, इतक्या झटपट हे घडतं. तुमच्या सहा आठवड्यांच्या विश्रांतीत दोर सांधला गेला. खबर मात्र उशिरा पोचत राहिली, आणि बसून बसून स्नायूही रोडावले. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते, ती मुख्यतः याचमुळे. दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला, असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक सगळे तसंच धरतात.

मीही तसंच धरलं होतं. २०११ साली तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना, बिनी दरवाज्याच्या खाली, माझा उजवा घोटा गेला. रोज दहा-बारा लोकांचे घोटे हाताळणारी फिजिओथेरपिस्ट मी, पाचव्या आठवड्यात पुन्हा पळायला लागले, कारण एका शर्यतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेली होती. तीन आठवड्यांनी घराच्या जिन्यात पडले. तेव्हापासून कुणी मला शर्यतीची तारीख सांगून ‘तोवर बरा होईल ना?’ असं विचारलं की मी आधी ती तारीख बाजूला ठेवायला सांगते.

आज रात्री एक करून बघा. अनवाणी, दाराच्या चौकटीजवळ, धरायला हात पोचेल असं उभं राहा. आधी उजव्या पायावर, डोळे मिटून, मनात आकडे मोजत. मग डाव्यावर. माझा अंदाज, उजव्यावर तीसपर्यंत जाल आणि डाव्यावर दहाच्या आतच दुसरा पाय टेकेल. मग डोळे उघडून त्याच पायावर उभ्या राहा आणि खाली पावलाकडे बघा. घोट्याच्या पुढच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, त्वचेखाली तटतट उठतात नि बसतात, अंगठा जमीन चाचपडतो, टाच किंचित इकडे, किंचित तिकडे. तुमचा घोटा पुन्हा शिकत असतो, तेव्हा तो असा दिसतो. त्याला हे रोज करू द्यायचंय.

दात घासताना एका पायावर, सकाळी डावा, रात्री उजवा आणि मग पुन्हा डावा. पंधरा दिवसांनी घडी घातलेल्या गोधडीवर, त्यानंतर डोळे मिटून. सोबत जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच सावकाश वर, सावकाश खाली, एका वेळी एकाच पायाने. किती जमतात ते वहीत मांडा, गणिताच्या बाईंना हे वेगळं सांगायला नको. दोन्ही पायांचे आकडे जुळेपर्यंत उड्या नाहीत. जुळले की एका पायावर पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे छोट्या उड्या. या सगळ्याला साधारण बारा आठवडे द्या. तुमच्याकडे आठ आहेत, तेव्हा हिशेब इथेच संपतो.

तोवर गड बंद नाही. चढताना घोट्याला धोका कमी असतो, पाय सावकाश आणि जाणीवपूर्वक पडतो. रविवारी आतकरवाडीतून नेहमीसारख्या चढा, वर मडक्यातलं दही खा, आणि उतरताना वडापची जीप पकडा. यात कमीपणा वाटून घेऊ नका, मी सहा महिने असंच केलं. नंतर चालत उतरा, आणि आकडे जुळल्यावर पायथ्याजवळचा सौम्य टप्पा तेवढा पळत. पावसाळ्यानंतरचे हे दिवस तसेही फसवे. वाळलेल्या गवताने खड्डे झाकलेले असतात आणि कातळावर सुटलेला मुरूम मोहरीसारखा पायाखालून घरंगळतो. उतारावर टाच रोवून स्वतःला रोखू नका. पावलं आखूड आणि भराभर, नजर तीन-चार पावलं पुढे. आणि थकल्यावर चाला. तुमचा पाय सतराव्या किलोमीटरला गेला, तिसऱ्याला नाही, हे विसरू नका. परत पळायला लागाल तेव्हा पहिलं वर्षभर डोंगरात दोरीने आवळायचा घोट्याचा पट्टा वापरा. त्याने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण खरोखर कमी होतं.

रस्त्यावरच धावावं का, असं विचारलंय. रस्ता वाईट नाही, पण तिथे हजारो पावलं जवळजवळ एकसारखी पडतात. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, आणि सावरायला घोटा तिथेच शिकतो. घरच्यांना शांतपणे सांगा की जूनमधला अपघात रस्त्यावरच झाला होता. बाग काही त्याचं उत्तर नव्हे.

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. बारा आठवडे प्रामाणिकपणे व्यायाम करूनही चालता चालता घोटा दगा देत असेल, किंवा रोज संध्याकाळी सूज येत असेल, सांधा आत कुठेतरी अडकल्यासारखा वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून अस्थिबंध तपासून घ्या. आणि पुन्हा कधी पाय मुरगळलाच, तर लगेच कुणाकडून चोळून घेऊ नका, आणि चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका.

आता तो शिक्का. सतराव्या किलोमीटरला तुम्ही थांबलात, म्हणून अस्थिबंधाचा जो भाग उरला होता तो वाचला. लंगडत उरलेले आठ किलोमीटर पुरे करून पदक घेऊन आलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांचं वर्ष जातं. तुमचा निर्णय बरोबर होता, आणि तो दुखत असताना, लोकांसमोर, एकटीने घ्यावा लागला. त्याचं दुःख होणारच. पहाटे फोन पालथा ठेवता, तर तसाच ठेवा काही दिवस. पण ग्रुप सोडू नका.

आणि डिसेंबरात शर्यतीच्या दिवशी घरी बसू नका. आयोजकांना पाण्याच्या ठिकाणी माणसं लागतातच, आजच विचारा. मी माझ्या त्या वर्षी डोंगराच्या सोंडेवर एका झाडाखाली पहाटेपासून उभी होते, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि चिक्की वाटत. सुरुवातीला रडू येत होतं. मग लोकांची पावलं बघायला लागले. पुढे असलेल्यांची पावलं हलकी, कोंबडीने दाणे टिपावेत तशी. उशिरा येणाऱ्यांची टाच आधी आपटायची, मग पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडायचं, आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा. त्या एका सकाळी मला माझ्या पडण्याबद्दल जितकं कळलं, तितकं दवाखान्यात कधी कळलं नव्हतं. शक्यतो शेवटच्या टप्प्यातलं ठिकाण मागून घ्या.

जानेवारीच्या मध्याला मला एक पोस्टकार्ड टाका. त्यावर दोनच आकडे लिहा : उजव्या पायावर टाचा किती वेळा उचलता आल्या आणि डाव्यावर किती.