३२ए आणि बारीक अंगकाठी असेल तर २०० सीसीच्या ब्रेस्ट इम्प्लांटने फरक दिसतो का, की ३००च घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की उंची ५ फूट १, वजन ४६, ब्रा ३२ए. कपडे नीट बसावेत आणि ऑफिसात कुणाच्या डोळ्यांत येऊ नये, एवढीच अपेक्षा. पण दोन ठिकाणी ऐकवलं गेलं, '३०० घ्या, कमी घेतलेल्या सगळ्या पस्तावतात.'

हे वाक्य मला तोंडपाठ आहे. उपनगरातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये साइझिंग माझ्याकडे असतं आणि शेजारच्या टेबलावरून हेच वाक्य रोज कानावर येतं. म्हणून जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे सीसीचा आकडा शेवटी ठरवायचा असतो. सुरुवात टेपने आणि कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने होते. स्तनाच्या बुडाची रुंदी, म्हणजे बेस, किती सेंटीमीटर ते बघायचं. मग आतल्या आणि बाहेरच्या कडेला चिमूट घेऊन जाडी मोजायची. दोन्ही चिमट्यांच्या बेरजेचं अर्धं बेसमधून वजा केलं की इम्प्लांटचा व्यास मिळतो. बेस ११.५, चिमटी एकेक सेंटीमीटरच्या, तर व्यास साडेदहा. प्रोफाइल म्हणजे इम्प्लांट पुढे किती उंच येतं ते. साडेदहाच्या व्यासात कमी उंचीच्या प्रोफाइलमध्ये साधारण १६०-१७५ सीसी बसतात, मधल्या प्रोफाइलमध्ये २००-२२०, हाय प्रोफाइलमध्ये २५०च्या पुढे. कंपनीगणिक हे थोडं इकडेतिकडे होतं, पण तुमच्या छातीला काय मावतं ते कळतं. मधल्या प्रोफाइलचं ३००चं इम्प्लांट बाराच्या आसपास रुंद असतं. साडेदहाच्या जागेत ते घातलं तर कड काखेकडे सरकते किंवा मधल्या हाडाकडे ढकलली जाते. बारीक बाईच्या अंगावर ती कड बोटाला लागते, वाकल्यावर कातडीवर सुरकुत्या दिसतात.

तिसरं माप निपलपासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं, कातडी पूर्ण ताणून. २००ला साधारण ७ सेंटीमीटर लागतात, ३००ला ८. तेवढी कातडी नसेल तर सर्जनला घडी खाली उतरवावी लागते. मग कधी जुन्या घडीची रेघ तशीच राहते आणि एकाखाली एक असे दोन फुगवटे दिसतात. चौथं माप म्हणजे स्तनाच्या वरच्या भागातली चिमूट. ती २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांट स्नायूखाली जातं. ३२एला बहुतेक वेळा कमीच भरते.

आता त्या '३०० घ्या'वरून क्लिनिकमध्ये झालेलं भांडण. एका पेशंटचा बेस साडेअकरा, मागणी तुमच्यासारखीच. आमच्या सीनियर काउन्सेलरने ब्रामध्ये ३००चा साइझर, म्हणजे मापासाठीचं नमुन्याचं इम्प्लांट, सरकवला, वर घट्ट टीशर्ट, समोर आरसा. मुलगी हसली, आकडा फाइलवर चढला. माझं म्हणणं, आरशासमोर पाच मिनिटं सरळ उभं राहून कुणालाही मोठंच आवडतं. तिला सांगितलं, पुढच्या वेळी तुझे रोजचे कुर्ते आण आणि एक शिवलेला ब्लाऊज. ब्लाऊज आला, पाठीला हूक असलेला. आत शिंप्याने दोन्ही कडांना माया ठेवलेली होती. २१०चा साइझर घातल्यावर माया अर्धी उसवली की हूक लागत होते. ३००ला सगळी माया सोडूनही दोन बोटांची फट. कुर्त्यांची तीच तऱ्हा, २१०ला बटणं लागली, ३००ला दुसऱ्या-तिसऱ्या बटणामधलं कापड तोंड उघडून बसलं. 'कपडे नीट बसावेत' ही मागणी होती ना? मग कपड्यांनाच विचारायचं.

सीनियर म्हणाली, कपडे काय, नवीन शिवता येतात. हो, येतात. पण पेशंटने शिंप्याचा पत्ता मागितला नव्हता.

तिचा खरा मुद्दा वेगळा होता: 'तक्रारीचे फोन बघ, सगळे लहान झालं म्हणूनच येतात.' फोन येतात हे खरं. पण कधी येतात? पहिल्या महिन्यात सूज असते, छाती असते त्यापेक्षा भरलेली दिसते आणि डोळ्याला तीच सवय होते. दोन-तीन महिन्यांत सूज उतरते, इम्प्लांट खाली बसतं आणि 'कमी झालं हो' म्हणून फोन. मोठं घेतलेलीची तक्रार सात-आठ वर्षांनी उगवते. कातडी ताणून पातळ झालेली, वरचा भाग रिकामा, इम्प्लांट घडीखाली घसरलेलं, मान आणि खांदे भरून आलेले. तोवर तिने सर्जन बदललेला असतो. तिचा फोन आमच्या वहीत येणारच नाही. ही वही उघडून 'सगळ्या' म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

घरी करून बघायचं तर तांदूळ. सगळ्याच करतात आणि निम्म्या चुकतात, कारण तांदूळ काट्यावर तोलतात. सीसी म्हणजे आकारमान. २०० ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे साधारण २४० सीसी, म्हणजे तुम्ही २०० समजून २४० घालून हिंडता. खुणांचा मेझरिंग कप घ्या. कोलमसारखा बारीक दाणा बरा, लांब बासमती कोपरे काढते. पातळ स्टॉकिंगमध्ये भरून सैलसर गाठ मारा, हाताने चपटं करा आणि पॅड नसलेल्या, एक कप मोठ्या ब्रामध्ये स्तनाच्या खालून सरकवा. वरून ठेवलं की गळ्याशी उंचवटा येतो आणि अंदाज चुकतो. १७५, २००, २२५, २५० अशा चार जोड्या करा. प्रत्येक जोडी पूर्ण दिवस घाला, आरशासमोर नको, जिने चढा, वाकून लादी पुसा, लोकलने जा. स्नायूखाली इम्प्लांट थोडं दबतं, म्हणून आवडलेल्या आकड्यात दहा-पंधरा टक्के वाढवायचा रिवाज आहे. तेवढं वाढवा, त्यापुढे नको.

वजनाचा अंदाज हवा असेल तर दोन्हीकडचे मिळून ५०० सीसी म्हणजे जवळपास अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी. ती चोवीस तास गळ्यात. ६००ची कल्पना तुम्हीच करा.

मूळ प्रश्न, २००ने फरक दिसेल का? ३२च्या घेऱ्याला दिसतो, साधारण एक कप, कधी थोडा जास्त. तोच आकडा ३८च्या घेऱ्यात हरवून जातो, म्हणून मैत्रिणीचा आकडा उचलू नका. आणि २०० की २२५ यावर रात्री जागू नका. २५ सीसी म्हणजे पावणेदोन टेबलस्पून, अंगावर कुणाला कळत नाही. एक बाजू मुळातच लहान असेल तर मात्र तोच फरक कामाचा, दोन बाजूंना वेगळे आकडे घालता येतात.

सर्जनला एक आकडा देऊ नका, पल्ला द्या आणि वरची मर्यादा संमतिपत्रावर लिहून घ्या: '२००ते २२५, त्यापुढे नाही.' ऑपरेशन थिएटरमध्ये त्या पल्ल्यातल्या दोन-तीन जोड्या मागवलेल्या असाव्यात. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटला बसतं करून आत साइझर घालून बघतात का, तेही विचारा. 'आत गेल्यावर बघू' एवढ्यावर सोडलं तर बघतात ते स्वतःच्या आवडीने.

तारीख शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली घ्या. मेच्या घामात घट्ट सर्जिकल ब्रा चोवीस तास घातली की घडीत पुरळ येतं, आणि टाके नेमके तिथेच असतात. चार ते सहा आठवडे लोकलची कडी धरायची नाही, सॅक पुढे छातीशी घ्यायची नाही, गर्दीच्या वेळेचा डबा टाळायचा. खर्चात १८ टक्के जीएसटी धरा, आरोग्य विमा यातला पैसाही देत नाही.

मी सर्जन नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. स्तन उतरलेले असतील किंवा बुडाशी नळीसारखे अरुंद असतील तर वरचं गणित लागू पडत नाही. लहान इम्प्लांटलाही कडक आवरण धरू शकतं, तेही जन्मभर टिकत नाही, दुसरं ऑपरेशन कधीतरी होणारच असं धरून पैसे ठेवा. सिलिकॉन असेल तर ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर २-३ वर्षांनी. मॅमोग्राफीला गेलात की आधी सांगा, वेगळ्या पद्धतीने फोटो काढावे लागतात. टेक्स्चर्ड की स्मूद हे नक्की विचारा, २०१९मध्ये एका प्रकारची टेक्स्चर्ड इम्प्लांट्स लिम्फोमा या दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगामुळे जगभरातून परत मागवली गेली. डब्यावरचा सीरियल नंबरचा स्टिकर घरी आणा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना, ते नोंदणी क्रमांकावरून तपासा.

आणि ३०० सुचवणाऱ्या दोघांनाही फोन करून विचारा, माझ्या फाइलमध्ये बेसची रुंदी किती लिहिली आहे? मापच घेतलेलं नसेल तर तिसरीकडे जा.